शेवंती उर्फ सुनंदा

शुक्रवारी म्हापशाचा बाजार असतो, त्यामुळे कोर्टाच्या आवारात त्या दिवशी गर्दी वेगळी असते. तारखेला आलेले असतातच, पण पिशवीतून नारळ, केळी, पावटे बाहेर डोकावतात, असेही बरेच येतात. बाजाराला आलोच आहोत तर तेवढं कामही उरकून जाऊ, असा हिशेब. विधी सेवा समितीची विधी स्वयंसेवक म्हणून माझी बसायची पाळीही शुक्रवारचीच. वकील मी नाही. वकिलापर्यंत पोचायच्या आधी माणसाचं म्हणणं नीट ऐकून घेणं, कागद लावून देणं, कुठल्या खिडकीवर जायचं ते सांगणं, एवढं माझं काम.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा-अठरा दिवसांवर आली होती. फुलं विकणाऱ्या काकी आल्या तेव्हा पदर भिजला होता, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी उलटी घातली होती आणि हातातल्या टोपलीत अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, केळीच्या पानाखाली झाकलेले होते. ही त्यांची चौथी खेप. अर्ज पुढे ओढून मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पूर्ण नाव?"

"बाय, हांव खंयचें नांव सांगूं?"

हा प्रश्न त्या गमतीने विचारत नव्हत्या. आमच्याकडे हिंदू घरांत लग्नात मुलीचं आडनावच काय, नावही बदलत असे. तांदळात अंगठीने नवं नाव लिहायचं, की झाली शेवंतीची सुनंदा. पुढे पन्नास वर्षं गाव, शेजार, रेशन कार्ड, मतदार यादी सगळीकडे सुनंदा. पण जन्माच्या नोंदीत शेवंतीच. ती शेवंती गेली कुठे, असं पन्नास वर्षांनी कुणी विचारील, हे लग्न लावणाऱ्या भटजींच्याही मनात आलं नसेल.

विचारलं ते दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेमुळे. साठी ओलांडलेले, विधवा, दिव्यांग अशांना गोवा सरकार दरमहा पैसे देतं. भाऊसाहेब बांदोडकरांच्या नावाची ही योजना गावात सगळ्यांना ठाऊक असते, नुसतं 'दयानंद' म्हटलं तरी कळतं. ज्येष्ठांना महिना 2000 रुपये. गोव्यात पंधरा वर्षं वास्तव्य हवं, उत्पन्न मर्यादेत हवं, आणि वर्षातून एकदा हयात असल्याचा दाखला द्यायचा. काकींना हे पैसे कित्येक वर्षं सुरळीत मिळत होते. मग कागदांची फेरतपासणी झाली, जन्मदाखला मागितला, आणि त्यावर दुसरीच बाई निघाली. पैसे बंद. आठ महिने झाले होते.

दोन हजारांत काय होतं, असं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. काकींच्या रक्तदाबाच्या गोळ्या, गॅसचा सिलिंडर आणि वीजबिल त्यात होतं. उरलेलं अबोलीवर.

एका कार्यालयात त्यांना सांगितलं, नाव बदलून आणा. बाहेर बसणाऱ्या एका माणसाने नाव बदलून द्यायचे पाच हजार सांगितले, वर वर्तमानपत्रातल्या जाहिरातीचा खर्च वेगळा. काकी ते पैसे जमवायलाही लागल्या होत्या. मला राग आला तो इथे. त्यांना नाव बदलायचंच नव्हतं. नाव कधीच बदलून झालेलं होतं. सिद्ध करायचं होतं ते एवढंच, की दोन्ही नावांची बाई एक. ती गोष्ट वेगळी आणि पुष्कळ स्वस्त.

त्यासाठी साखळी जुळवावी लागते. पहिली कडी जन्माची. "पाखले गेले तेन्ना हांव णव वर्सांचें आशिल्लें," हे काकींचं वयाचं गणित, पाखले म्हणजे पोर्तुगीज. 1961 च्या डिसेंबरात नऊ वर्षांची, म्हणजे जन्म 1952 चा, नोंद पोर्तुगीज भाषेत, हाताने लिहिलेली. त्या नोंदीची जशीच्या तशी नक्कल मिळते, तिला 'तेओर' म्हणतात. ती मिळवायला दोन खेपा गेल्या. मिळाली तर संगणकावर बसलेला मुलगा ती वाचून म्हणाला, "यात तर झेवोंती आहे."

पोर्तुगीजमध्ये 'श' लिहायला एक्स वापरतात. शेवंतीचं स्पेलिंग एक्सने सुरू होतं, आणि वडिलांच्या नाईक आडनावाच्या शेवटी क्यू-यू-ई. म्हणजे इंग्रजी शिकलेल्या डोळ्यांना शेवंतीही नाही आणि नाईकही नाही. दोनाच्या तीन बायका झाल्या. शेवटी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कारकुनाला गाठलं. त्यांना सगळे 'तियू' म्हणतात, पोर्तुगीज शाळेत शिकलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून नोंद खडाखडा वाचली, आईचं, आजोबांचं नाव वाचलं, आणि काकींकडे बघून कोकणीत विचारलं की पहाटे पाच वाजता जन्मलेली ती तूच ना. काकी लाजल्या. आपल्या जन्माची वेळ कुठे लिहून ठेवलेली आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

दुसरी कडी लग्नाची, आणि इथे गोव्याने हात दिला. आमच्याकडे लग्न म्हणजे नुसते अक्षतांचे लग्न नव्हे, सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या कराव्या लागतात. पहिली सही, मग दुसरी सही. काकींच्या 1971 च्या नोंदीत वधू शेवंती, तिचा बाप तोच, नवरा तोच. आणि रेशन कार्डावर त्याच नवऱ्याची बायको सुनंदा. साखळी जुळली. वर एक प्रतिज्ञापत्र, की शेवंती आणि सुनंदा एकच. त्याचा खर्च काकींना नव्हता. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे, त्याच्या कलम 12 नुसार बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलते. तरी बायका पर्सची चेन उघडूनच समोर बसतात.

तर त्या शुक्रवारी फक्त प्रतिज्ञापत्र व्हायचं होतं. मी म्हटलं, काकी, पिशवीतले सगळे कागद काढा, एकदा बघून घेते. त्यांनी काढले. तेओर, लग्नाची नक्कल, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, बँकेचं पुस्तक, दोन वीजबिलं, आणि एक टाईप केलेला कागद, चार घड्या घातलेला, इंग्रजीत.

"हो कागद लेगीत दिवंक जाय?" काकींनी विचारलं. पुतण्याने दिला होता म्हणे. पेन्शनच्या लफड्यात नावांचा घोळ आहे ना, मग घराच्या कागदावरही होणार, त्यासाठी सही करून ठेव, असं सांगून. दिराचा मुलगा. त्याच घराच्या दुसऱ्या बाजूला राहतो.

मी वाचलं. मग परत वाचलं. मयत पतीच्या घरातील व जमिनीतील माझा सर्व हक्क, हिस्सा मी स्वखुशीने सोडत आहे. खाली सह्यांच्या तीन रेघा: काकी, त्यांची मुलगी, मुलीचा नवरा.

त्या तिसऱ्या रेघेवर माझी नजर अडली. जावयाची सही कशाला? बाहेरच्या माणसाला हा प्रश्न पडेल, गोव्यात पडायला नको. इथे 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, अर्धी त्याची, अर्धी तिची. म्हणून मुलीला माहेरून जे मिळतं त्यात जावयाचंही नाव येतं आणि ते सोडायचं तर त्याचीही सही लागते. ज्याने हा कागद टाईप करून घेतला त्याला कायदा पक्का ठाऊक होता. फक्त काकींना ठाऊक नव्हता.

मी पाठकोऱ्या कागदावर घर काढलं. मधून रेघ मारली. ही बाजू दिराची, ही तुमच्या नवऱ्याची. मग नवऱ्याच्या बाजूवर आणखी एक रेघ. "ह्यातलं अर्धं तुमचं. लग्नाच्या सह्या केल्या त्या दिवसापासून. नवरा गेला म्हणून मिळालं असं नाही, तो होता तेव्हाही तुमचंच होतं. उरलेलं अर्धं नवऱ्याचं, ते तुमच्या मुलीचं."

"म्हजें? म्हाका कोणें दिल्लें?"

"कोणी दिलं नाही. होतंच."

त्या बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिल्या. मला वाटलं रडतील. त्यांनी विचारलं, न्हाणी कुणाच्या बाजूला येते? वर्षभर पुतण्याने मागच्या न्हाणीला कुलूप लावलं होतं आणि काकी पहाटे काळोखात विहिरीवर अंघोळ करत होत्या. पेन्शनसाठी चार खेपा घातल्या, तरी हे त्या कधी बोलल्या नव्हत्या. आपल्या हक्काचं काही आहे असं वाटल्याशिवाय माणूस तक्रारसुद्धा करत नाही बहुतेक.

न्हाणीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण वाटणीच झालेली नव्हती, सगळं सामाईक. पटलं नाही तर कोर्टात इन्व्हेंतार, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचा दावा, घालावी लागते. मी त्यांना समितीच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी कागद उभ्यानेच वाचला आणि म्हणाल्या, वारसा सोडायचा तर विशेष नोटरीसमोर रीतसर दस्त करावा लागतो, 2012 च्या वारसा कायद्यात तसं आहे, तो 2016 च्या डिसेंबरात लागू झाला. घरात बसून टाईप केलेल्या कागदाला अर्थ नाही. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण सही केली असती तर अर्थ नाही हे सिद्ध करायला काकींची चार वर्षं गेली असती." इन्व्हेंतारीचा विचार मुलीला घेऊन करू, असं ठरलं. तोवर काही सही करायची नाही.

प्रतिज्ञापत्राची वेळ झाली तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. शाईचं पॅड पुढे सरकवलं गेलं, कारण बँकेच्या पुस्तकावर अंगठाच होता. काकींनी हात मागे घेतला. म्हणाल्या, शेवंती लिहायला येतं. मराठी शाळेत दोन वर्षं गेले होते, तिथे मास्तरांनी शिकवलं होतं.

"मग इतकी वर्षं अंगठा का?"

"सुनंदा हें म्हाका बरोवंक येना."

त्यांनी लिहिलं. 'शे'ची मात्रा आधी काढली, मग अक्षर. 'वं'वरचा अनुस्वार राहिला, तो परत जाऊन दिला. मागे रांगेत एक वकील घड्याळ बघत होता. कागदावर टाईप केलेलं होतं 'शेवंती उर्फ सुनंदा', त्याखाली ते वेडंवाकडं शेवंती. नियमाला धरून शेजारी अंगठाही घेतला, कारण बँकेला तोच ओळखीचा.

जाताना पुतण्याचा कागद त्या माझ्याकडे ठेवायला देऊ लागल्या. मी झेरॉक्स काढून मूळ परत दिला, म्हटलं हा जपून ठेवा, तुमच्या बाजूचाच पुरावा आहे. त्यांनी तो तेओरबरोबर प्लास्टिकमध्ये घातला आणि टोपली उघडून एक वळेसर माझ्या टेबलावर ठेवला. घ्यायची परवानगी नसते. मी दहाची नोट पुढे केली. त्यांनी पाच रुपये परत दिले, बाजारभाव तेवढाच होता म्हणे.

पेन्शन चवथीआधी आली नाही. चवथ होऊन दोन आठवड्यांनी चालू झाली, थकबाकीचा अर्ज अजून फाईलमध्ये आहे. पुतण्याने मला फोन करून घरं फोडणारी बाई म्हटलं, तेही झालं. मुलगी वकीलबाईंना दोनदा भेटून गेली, जावई अजून आलेला नाही. न्हाणीचं कुलूप मात्र निघालंय. पुतण्याला कुणी काही सांगितलं का, म्हणून मी विचारलं. काकी म्हणाल्या, कोण सांगणार, दगडाने फोडलं.