ठाकूरवाडीच्या वर, पहिल्या पावसात

घाटात मला मुसळधार पावसापेक्षा पहिल्या भुरभुरीची धास्ती जास्त. धो धो पाऊस रूळ धुऊन काढतो, चाकाला बऱ्यापैकी स्वच्छ लोखंड मिळतं. जूनमधली पहिली सर मात्र उन्हाळाभर साचलेली धूळ, गंज आणि तेलाचे डाग नुसते भिजवते आणि रुळाच्या माथ्यावर ओशट लेप बसतो. तो डोळ्यांना दिसतही नाही.

मी कर्जत–लोणावळा घाटात बँकर चालवतो. कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या गाडीच्या मागे आम्ही लागतो आणि ढकलत वर नेतो. आमची तीन इंजिनं एकमेकांना जोडलेली असतात आणि तिन्ही एकाच केबिनमधून चालतात. चढ आहे 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. रस्त्यावरच्या मोटारीला याचं काही वाटणार नाही. लोखंडावर चालणाऱ्या लोखंडी चाकासाठी तो फार मोठा चढ आहे.

त्या दुपारी आकाश भरून आलं होतं. ठाकूरवाडी सोडून आम्ही नागनाथच्या बाजूला निघालो होतो, तेवढ्यात पुढे सिग्नल लाल मिळाला आणि गाडी वळणावरच उभी राहिली. भुरभुर सुरू झाली ती आम्ही उभे असतानाच. थोड्या वेळाने सिग्नल पडला, म्हणजे पुढे जायची मोकळीक मिळाली, आणि पुढच्या इंजिनाच्या लोको पायलटनी वॉकी-टॉकीवर सांगितलं, "बँकर, जोर घ्या." चढावर गाडी सुटताना मागून जोर आल्याशिवाय पुढचा माणूस ब्रेक सोडत नाही. मी एकेक नॉच, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची एकेक पायरी, घेत गेलो. चौथ्या-पाचव्या नॉचला स्लिपचा दिवा लागला, जोर दाखवणाऱ्या मीटरचा काटा एकदम खाली आला आणि चाकं जागीच फिरायला लागली.

इथे हात आपोआप आणखी नॉच घ्यायला जातो आणि तोच आवरावा लागतो. चाक रुळाला धरून आहे तोवर त्याला मिळणारी पकड जास्त असते. एकदा ते घसरून फिरू लागलं की घर्षण आणखी कमी होतं. शिवाय जागच्या जागी फिरणारं चाक रूळ तापवतं, पोलादावर भाजल्यासारखा डाग पाडतं आणि पुढे तिथूनच रुळाला तडा जाऊ शकतो. मी लगेच नॉच खाली आणले आणि पुढे कळवलं, "स्लिप होतंय, ब्रेक धरून ठेवा."

असिस्टंट नवा होता, पण डोकं शांत ठेवणारा. त्याने विचारलं, "सर, एवढ्या ताकदीची तीन इंजिनं आहेत, मग कमी काय पडतंय?"

मी त्याला हिशेब सांगितला. गाडी आणि चारही इंजिनं, म्हणजे पुढचं एक आणि आमची तीन, मिळून साधारण 1600 टन. 37 ला 1 चढावर त्यातला 43 टनांचा जोर सतत खाली ओढत असतो. एका इंजिनाचं वजन 123 टन, चारांचं 492. कोरड्या रुळावर वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास पकड मिळते, म्हणजे 148 टन. ओशट रुळावर ती 10 टक्क्यांवर आली तर उरतात 49. त्यातूनच वळणाचा आणि चाकांचा विरोध भागवायचा. इंजिनातल्या मोटारींची ताकद जशीच्या तशी असते. ती रुळापर्यंत पोहोचवणारं घर्षण संपलेलं असतं.

"मग चाकं रुंद का करत नाहीत?" त्याचा पुढचा प्रश्न. हा प्रश्न मला फार आवडला. गिओम आमाँताँ या फ्रेंच माणसाने 1699 मध्येच मांडलं होतं की घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं, टेकलेल्या जागेच्या नाही. गुळगुळीत दिसणारं पोलादही बारीक उंचवट्यांवरच टेकतं. जागा वाढवली की दाब विभागला जातो आणि खरोखर टेकणारे उंचवटे तेवढेच राहतात. आमचं प्रत्येक चाक एखाद्या नाण्याएवढ्या ठिपक्यावर उभं असतं आणि गाडी चालते ती अशा ठिपक्यांच्या भरवशावर.

उपाय वाळूचा. ती हवेच्या दाबाने नळीतून चाकाच्या अगदी पुढ्यात पडते, चिरडली जाते आणि लेप फोडून पोलादाला पोलाद भिडवते. पण पेडल दाबूनही एका बाजूला वाळू येत नव्हती. दमट हवेने नळीच्या तोंडाशी गठ्ठा झाला होता. असिस्टंट पाना घेऊन उतरला, नळीवर ठोकलं, ओला गोळा पडला आणि मागून कोरडी वाळू सुटली. परत चढताना त्याने रुळाच्या माथ्यावरून बोट फिरवून आणलं. ते काळं होतं, ग्रीसचं.

आता उलगडा झाला. वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला ट्रॅकची माणसं ग्रीस लावतात, कारण चाकाची कड तिथे घासून रूळ आणि चाक दोन्ही झिजतात. ग्रीस लागतंच. फक्त ते कडेवर राहायला हवं, माथ्यावर चढता कामा नये. दोन बोटं अंतरात एका जागी घर्षण नको आणि शेजारी ते हवंच, अशी ही कसरत मला आजही थक्क करते.

दुसऱ्यांदा आधी वाळू सोडली आणि मग नॉच घेतले. काटा चढला, थरथरला, टिकला. "जोर आला, सोडा," मी म्हणालो. पुढून ब्रेक सुटले आणि गाडी हलली. पुढची चाकं रूळ पुसत गेली तशी मागच्यांची पकडही सुधारली. मंकी हिलपर्यंत पाऊस चांगला कोसळू लागला होता आणि स्लिपचा दिवा पुन्हा लागला नाही.

लोणावळ्याला बँकर सुटल्यावर मी त्या वळणाचा किलोमीटर नंबर लिहून दिला: ग्रीस माथ्यावर आलंय, पुसून घ्यावं. इंजिनाच्या वहीत वाळूची नळी साफ करायची नोंद केली. असिस्टंट तोवर तिन्ही इंजिनांच्या वाळूच्या पेट्या उघडून किती शिल्लक आहे ते बघत होता.