खंड्याच्या गावात काजू

वसुबारस, शुक्रवार

दारात गाय-वासराची रांगोळी काढून उठले, तर आमची कुत्री काजू पट्टा तोंडात धरून जिन्यात उभी. नुकतं उजाडलं होतं. आमच्या घरात एक नियम पक्का आहे: पुरतं उजाडल्याशिवाय किल्ल्याची चढण धरायची नाही. अजिंक्यताऱ्यावर आणि यवतेश्वराच्या डोंगरात बिबट्याचा वावर आहे, आणि बिबट्याला कुत्र्यासारखी सोपी शिकार दुसरी नाही. म्हणून अंधारात नाही, दिवेलागणीनंतर नाही, आणि वर गेल्यावर पट्टा सोडणं तर अजिबात नाही.

गाडीरस्ता थेट किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जातो, त्यामुळे सकाळी निम्मा सातारा त्याच चढणीवर भेटतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली घामाघूम होऊन पळत चढत असतात. त्यांच्या मधूनच कानटोपी घातलेले आजोबा हातात काठी घेऊन सावकाश चालतात. काजूला त्यांतले बरेच जण आता नावानं ओळखतात. ती गावठी आहे, तांबूस-पांढऱ्या रंगाची, उभ्या कानांची. भाजी मंडईच्या मागे पावसात भिजत पडलेलं पिल्लू होतं, ते लेकीनं ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

मुलगा यंदा दहावीत आहे. घरात त्याच्याकडून एक वाक्य काढायचं तर मला चार प्रश्न विचारावे लागतात. पण या चढणीवर तो आपणहून बोलतो. मला वाटतं, इथे कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. सगळ्यांची नजर पुढे चाललेल्या काजूच्या शेपटीवर असते आणि तिच्या मागोमाग मनातलं बाहेर येत जातं. आज म्हणाला, "आई, गणिताला वेळ पुरत नाही गं." एवढंच. पण हे त्यानं जेवणाच्या ताटावर मला कधीच सांगितलं नसतं. त्याचे बाबा नुसतं "हं" म्हणाले आणि पुढच्या वळणापर्यंत त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालले. मी मागे होते. पट्टा माझ्याकडे होता आणि मला फार बरं वाटत होतं.

वर मंगळाई देवीच्या बाजूला थोडं बसलो. सज्जनगड स्वच्छ दिसत होता, पूर्वेला जरंडेश्वर. अंगणात दिवाळीचा किल्ला यंदा अजिंक्यताराच करायचा असं लेकीचं ठरलंय, म्हणून ती तटबंदीची वळणं वहीत काढून घेत होती. औरंगजेबानं १६९९ साली या किल्ल्याला वेढा घातला आणि प्रयागजी प्रभूंनी तो महिनोन्महिने लढवला, हे तिला पुस्तकातून ठाऊक होतं. मोगलांनी सुरुंग लावला तेव्हा तट त्यांच्याच माणसांवर कोसळला, तो बुरूज कुठला, हे तिला इथे उभं राहून बघायचं होतं. काजू तटाच्या सावलीत जीभ बाहेर काढून बसली होती.

घरी आल्यावर मोठं काम असतं ते कुसळांचं. पावसाळा सरला की डोंगरावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं काजूच्या अंगाला चिकटतात. कुसळाची अणी एकाच दिशेनं आत सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात किंवा कानात गेलं तर आत पू होतो आणि मग डॉक्टरांकडे नेऊन भूल देऊन काढावं लागतं. म्हणून परतल्यावर पायरीवर बसून चारही पंजे उलगडून बघायचे. कानाच्या मागे आणि शेपटीखाली गोचीड चाचपायची. गोचीडतापानं चांगली धडधाकट कुत्री दोन-चार दिवसांत आडवी होतात. हे काम लेकीचं. आज एक गोचीड सापडली. चिमट्यानं अगदी कातडीपाशी धरून तिनं सरळ ओढून काढली, न चिरडता.

रविवार

आईंना गुडघ्यांमुळे किल्ला चढवत नाही. म्हणून रविवार त्यांचा, आणि त्यांच्यासाठी सपाटीची जागा. आज त्या म्हणाल्या, "माहुलीला जाऊ. काजूला खंड्या दाखवायचाय मला."

कृष्णा आणि वेण्णा, दोघी महाबळेश्वराच्या डोंगरातून निघतात. एक धोमवरून वाईला वळसा घालून येते, दुसरी मेढ्यावरून कण्हेरच्या धरणातून, आणि माहुलीला दोघी एक होतात. दिवाळीच्या सुमाराला पात्र भरलेलं असतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात असतात. विश्वेश्वराचं काळ्या दगडाचं देऊळ सकाळच्या उन्हातही आत गार असतं. आम्ही आळीपाळीनं दर्शन घेतो, एक जण बाहेर काजूजवळ थांबतो. इथेच जवळ स्मशानभूमीही आहे. लोक दुःखात असतात, त्यामुळे इथे काजूला आखूड पट्ट्यानं आणि शांतपणे न्यायचं, भुंकायला लागली तर लगेच मागे फिरायचं, हे मुलांना सांगावं लागत नाही आता.

खंड्या म्हणजे थोरल्या शाहू महाराजांचा कुत्रा. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यामुळे महाराजांचा जीव वाचला, अशी गोष्ट आहे. मग महाराजांनी त्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला. पुढे साताऱ्यात आलेल्या इंग्रज रेसिडेंटानंही हे लिहून ठेवलंय, आणि त्यानं तो राजाचा लहरीपणा म्हणून नोंदवलाय. आईंना हे अजिबात मान्य नाही. "लहर कसली? ज्यानं जीव वाचवला त्याला मान दिला. माणसाला दिला असता तर कुणी लहर म्हटलं असतं का?" खंड्याची समाधी माहुलीलाच आहे. शाहू महाराज १७४९ साली गेले, त्यांची समाधीही इथेच. राजा आणि त्याचा कुत्रा एकाच नदीच्या काठी आहेत. हे जेव्हा जेव्हा मनात येतं तेव्हा या गावाबद्दल मला फार माया वाटते.

आईंनी समाधीपाशी दोन झेंडूची फुलं ठेवली. काजूनं ती हुंगली. लेकीनं फोटो काढला.

परत येताना घाटावर एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन उभी होती. आम्हाला बघून दोन पायऱ्या मागे सरली. "चावतंय का वो?" म्हणाली. मी काजूला बसवलं, पट्टा हाताला गुंडाळला आणि म्हटलं, "ताई, तुम्ही जावा पुढं, आम्ही थांबतो." भीती वाटणाऱ्याला "काही नाही करत हो" म्हणणं मला पटत नाही. तिला काय माहीत? तिच्या ओळखीत कुणाला कुत्रं चावलं असेल, चौदा दिवसांच्या त्या सुयांच्या जुन्या गोष्टी ऐकल्या असतील. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तेव्हा भीती खरीच आहे. वाट तिला आधी मिळायला हवी.

ती गेली नाही. मुलगीच म्हणाली, "हात लावू?" मग मुलगा पुढे झाला. तिला सांगितलं की वरून डोक्यावर हात आणायचा नाही, आधी मूठ पुढे करायची, कुत्र्याला वास घेऊ द्यायचा, मग छातीपाशी नाहीतर मानेच्या बाजूला हात फिरवायचा. खाताना, झोपलेलं असताना, पिल्लांजवळ असताना जवळ जायचंच नाही. हे तो इतक्या सावकाश आणि समजुतीनं सांगत होता की मी बघतच राहिले. गणिताला वेळ न पुरणारा मुलगा तो हाच. मुलीनं हात फिरवला. तिची आई शेवटपर्यंत लांबच उभी होती, पण जाताना म्हणाली, "गुणाचं हाय."

लक्ष्मीपूजन, मंगळवार

संध्याकाळपासून फटाके. माणसाला ऐकू येतात त्याच्या दुप्पट वरच्या पट्टीचे आवाज कुत्र्याला ऐकू येतात, आपल्याला जो धडाका तो त्यांना काय असेल! काजूला दुपारीच चारभिंती स्मारकापर्यंत लांब फिरवून दमवून आणली होती. पूजा झाल्यावर मधल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा मोठा करून तिच्याजवळ आळीपाळीनं बसलो. आईंची जपमाळ आज तिथेच झाली. मुलांनी यंदा फटाके आणलेच नाहीत, आम्ही सांगितलं नव्हतं.

शुक्रवार

भाऊबीज झाली, पाहुणे गेले. आज कुत्र्यांना धावायला जागा मागणारा नगरपालिकेचा अर्ज लिहायला बसले.

घराजवळच्या बागेच्या फाटकावर पाटी आहे: कुत्र्यांना आत आणू नये. त्या पाटीशी माझं भांडण नाही. तिथे घसरगुंड्या आहेत, वाळूत रांगणारी बाळं आहेत. कुत्र्याच्या विष्ठेतले जंत वाळूत राहतात आणि बाळांच्या पोटात जाऊ शकतात. बागेत कण्हेरीची झाडं आहेत, ती कुत्र्याला विषारी, तेव्हा आत नेण्यात काजूचाही तोटाच. कासलाही आम्ही तिला नेत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथे साडेआठशेहून जास्त जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. कातळावर मातीचा थर जेमतेम असतो, त्यात हंगामात पाऊल ठेवायलाही जपावं लागतं, आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. तिथे कुत्र्यानं धावायचं नाही. काही जागा आपल्यासाठी नसतात आणि तसंच असू द्यावं, हे मुलांना शिकवायला काजूमुळे मला निमित्त मिळालं.

पण मग कुत्रं मोकळं कुठे धावणार? किल्ल्यावर पट्टा सोडता येत नाही, माहुलीला सोडता येत नाही, रस्त्यावर तर नाहीच. उन्हाळ्यात दुपारी डांबर इतकं तापतं की हाताची उलटी बाजू पाच सेकंदही ठेववत नाही, आणि त्याच रस्त्यावर लोक कुत्री चालवतात, कारण दुसरी जागा नाही. धावायला न मिळालेलं कुत्रं घरात खुर्च्या कुरतडतं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतं, मग शेजारी वैतागतात, आणि शेवटी ते कुठेतरी महामार्गावर सोडून दिलं जातं. अशी सोडलेली कुत्री मी पाहिली आहेत. गळ्यात पट्टा तसाच असतो आणि ती प्रत्येक गाडीच्या मागे धावतात. ते बघवत नाही.

हैदराबादला महापालिकेनं २०१८ साली खास कुत्र्यांसाठी बाग उघडली. आम्ही एवढं मोठं मागत नाही. एखाद्या मोकळ्या जागेचा एक कोपरा हवा. कमरेच्या वर जाळीचं कुंपण, एकामागे एक दोन फाटकं, म्हणजे एक उघडं राहिलं तरी कुत्रं निसटणार नाही. एक नळ, सावलीला झाड, आणि विष्ठेसाठी झाकणाचा डबा. आत येताना रेबीजच्या लशीचं कार्ड दाखवायचं, आणि आपल्या कुत्र्याची घाण ज्यानं त्यानं उचलायची. जुनं वर्तमानपत्र आणि एक पिशवी खिशात असली की पुरतं, आम्ही रोज तेच करतो. जो उचलणार नाही त्याला दंड करा, हेही मी अर्जात लिहिलंय. नियम कडक असले तरच शेजारीपाजारी सही करतील, आणि मला त्यांच्याच सह्या जास्त हव्या आहेत. कुत्री पाळणाऱ्यांनी मागितलेली सोय आणि न पाळणाऱ्यांनीही मान्य केलेली सोय, यांत फार फरक आहे.

आज संध्याकाळी लेक आणि मी गल्लीत फिरलो. कोपऱ्यावरच्या काकांचा कुत्र्यांवर राग आहे, रात्रीच्या भुंकण्यामुळे त्यांना झोप लागत नाही. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, दंडाच्या ओळीखाली पेनानं रेघ मारली आणि सही केली. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "आमचा टायगर चालेल का? तो जरा तापट आहे." चालेल, पण आधी पट्ट्यावर. एका घरातून नकार आला. त्यांच्या नातीला मागच्या वर्षी भटक्या कुत्र्यानं चावलं होतं. मी आग्रह केला नाही, पोरगी आता कशी आहे ते विचारलं आणि निघाले.

आईंनी सही करायच्या आधी मजकुरात एक भर घालायला लावली: कुंपणाच्या आत एक बाकडं, पाठीला टेकू असलेलं. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मुलानं अर्ज सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढला, वर जागेचा नकाशा चिकटवला. सोमवारी ऑफिसला जाण्याआधी नगरपालिकेत देणार आहे. पोच घेतल्याशिवाय परत फिरायचं नाही, असं आईंनी बजावलंय.