रुईच्या पानाची मागची बाजू

मंडळी, जूननंतर आज लिहायला बसतेय, तेव्हा पाच महिन्यांचं एकदमच.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात: आमच्या कॉलनीची ओपन स्पेस नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आहे. तीन बाजूंना अपार्टमेंट, चौथीकडे नाला. त्यातला दीड गुंठा आम्ही सात जणांनी मागच्या वर्षी देशी झाडांसाठी मागून घेतला. वर चार बोटं काळी माती आणि खाली निव्वळ मुरूम. टिकाव मारला की हात झिणझिणतात.

जून. मागच्या वर्षी तरवडाचं बी सरळ जमिनीत टाकलं होतं, त्यातली जेमतेम तीन झाडं जगली. बियाचं कवच टणक असतं, पाणी आत जात नाही. या वेळी पाणी उकळलं, खाली उतरवून दोन मिनिटं थांबले, मग बी टाकलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी फुगलेलं बी पिशव्यांत लावलं. ४० पैकी २७ उगवली. बहाव्यालाही हाच उपाय केला, पण तिथं कमी यश आलं. बहुतेक बी जुनं होतं. निर्गुडी आणि अडुळशाच्या फांद्या लावल्या. त्या दोन्ही बिनतक्रार फुटतात, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

जुलै-ऑगस्ट. हे महिने रुईचे. ती आम्ही लावलेलीच नाही, नाल्याच्या कडेला आपसूक आली. सोसायटीच्या बैठकीत ‘हे जंगली झुडूप काढा, चीक डोळ्यांत जातो’ असा सूर होता. चिकाची भीती खरी आहे, म्हणून मुलं खेळतात त्या बाजूच्या फांद्या आम्ही छाटल्या. बाकीचं झाड वाचलं ते मारुतीमुळे. आमच्या इथल्या एक आजी दर शनिवारी त्याच झाडाची पानं माळेसाठी नेतात. त्यांनी ठणकावून सांगितलं, ‘रुई तोडायची नाही.’

पण मग दुसराच पेच पडला. बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर हे फुलपाखरू, रुईच्या पानाच्या मागच्या बाजूला एकेक सुटं अंडं घालतं. मोहरीपेक्षाही लहान, पांढरट. आजी नेमकी कोवळी, स्वच्छ पानं निवडायच्या, आणि मादीही तीच निवडते! मी त्यांना भिंग देऊन एक अंडं दाखवलं. काही न बोलता त्यांनी ते पान सोडून दिलं. पुढच्या आठवड्यापासून त्या प्रत्येक पान उलटून बघूनच खुडायला लागल्या. एकदा घरी गेल्यावर एका पानाला अंडं दिसलं, तर ते पान स्टीलच्या डब्यात घालून माझ्या दारात आणून दिलं. ते अंडं चौथ्या दिवशी फुटलं. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी झाली, ती मी झाडावर नेऊन सोडली. रुईचं विष ही अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. नावातला ‘कडवा’ तिथून आलाय हे आजींना फार आवडलं. ‘म्हणजे मारुतीनंच राखलंय,’ म्हणाल्या.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा वाईट गेला. कुंपणाजवळच्या लिंबावर लिंबू फुलपाखराच्या अकरा अळ्या होत्या. लहानपणी त्या हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या होतात. कॉलनीतल्या एका गृहस्थांनी ‘झाडाला कीड लागली’ म्हणून फवारणी केली, तीही चांगल्या हेतूनं, स्वतःच्या पैशानं. संध्याकाळी सगळ्या अळ्या खाली पडलेल्या होत्या. मला रडू आलं. पण त्यांना रागे भरण्यात अर्थ नव्हता, कारण आम्ही कुठं काही लिहूनच ठेवलं नव्हतं. ज्याच्या घरची द्राक्षबाग आहे त्या माणसाला कुरतडलेलं पान दिसलं की हात पंपाकडेच जाणार. आता लिंबाला आणि कढीपत्त्याला पाट्या लावल्यात: ‘ही पानं अळ्यांसाठी आहेत. फवारू नये.’ लिंबाला नवी पालवी आली आणि सप्टेंबरच्या मध्यावर पुन्हा अंडी दिसली. ते गृहस्थ आता येता-जाता अळ्या मोजतात.

या प्रकरणानंतर माझं मत पक्कं झालंय. नुसती फुलं लावली तर फुलपाखरं येतात, रस पितात आणि निघून जातात. त्यांची पिढी इथं वाढायला हवी असेल तर खाल्लेली पानं बघवली पाहिजेत. घाणेरीवर फुलपाखरांची गर्दी असते हे खरं, पण घाणेरी मूळची परदेशी आहे, आणि पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. म्हणून नाल्याकडची घाणेरी आम्ही काढतोय, पण टप्प्याटप्प्यानं. जितकी निर्गुडी फुलेल तितकीच घाणेरी तोडायची.

ऑक्टोबर. मागच्या वर्षी जगलेल्या तीन तरवडांना भरभरून फुलं आली. सकाळी आठच्या सुमारास जवळ उभं राहा, भुंगा फुलाला कवटाळतो आणि त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम बदलतो. तरवडाच्या परागकोशाला टोकाशी फक्त बारीक छिद्र असतं, पंखांच्या स्नायूंनी फूल थरथरवलं की पराग त्यातून उडतो. सातेरी किंवा आग्या मधमाशीला हे जमत नाही. वांग्या-टोमॅटोच्या फुलांचीही रचना तशीच, त्यामुळे पलीकडच्या गच्चीवर वांगी लावणाऱ्या काकूंना आमच्या तरवडात भलताच रस निर्माण झालाय.

भुंग्यांसाठी शेवग्याचा वाळलेला बुंधा मुद्दाम उभा ठेवलाय. त्याला दोन गोल भोकं पडलीत, खाली ताजा भुसा दिसतो. शिवाय उन्हाकडची चटईएवढी जागा उघडी ठेवलीय. तिथं पालापाचोळ्याचं आच्छादन नाही, पाणी नाही, कारण एकट्या राहणाऱ्या कितीतरी मधमाश्या जमिनीतच बीळ करतात. हे लोकांना पटवणं सगळ्यात अवघड जातंय. दर रविवारी कोणीतरी विचारतं, ‘इथं झेंडू लावू का?’

आता काळजी आहे ती उन्हाळ्याची. करंज आणि बहावा मोठे होईपर्यंत एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे फुलाला जवळपास काहीच नसतं. तोवर तुळशीचे वाफे वाढवतोय आणि मंजिऱ्या खुडायच्या नाहीत असं ठरवलंय.

तरवडाच्या शेंगा वाळल्या की बी वाटेन. नाशिकमधल्या कोणाकडे वाघाटीचं रोप असेल तर मला हवंय, नाल्याकडच्या तारेच्या कुंपणावर चढवायचंय. आषाढी द्वादशीच्या भाजीसाठी बाजारात वाघाटी मिळते, पण ती कोवळी असते, तिच्यातलं बी रुजत नाही. दोनदा लावून पाहिलं.