बारोलोच्या टेकडीवर निफाडचा द्राक्षवाला

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीची, म्हणजे घड धरण्यासाठीच्या छाटणीची धांदल. बाग धाकट्या भावाच्या गळ्यात घालून इटलीला जाणं हे मुळातच पाप होतं. पण भाचा तोरिनोच्या (इंग्रजीत ट्यूरिन) पॉलितेक्निको विद्यापीठात शिकतो आणि हिची सुट्टी तेव्हाच होती. करार असा झाला: व्हेनिस, रोम तिच्या मनासारखं, आणि मधले दोन दिवस मला बारोलो या लाल वाइनच्या द्राक्षांत सोडायचं.

पहिला दिवस वाया गेला आणि चूक आमचीच. रविवार होता. तोरिनोच्या पोर्ता सूझा स्टेशनवरून जवळच्या आल्बा शहराची लोकल सव्वा-दीड तासात पोचते, इथपर्यंत सगळं सोपं. आल्बाहून बारोलो गावाला बस मुळातच कमी, रविवारी तर आम्हाला एकही मिळाली नाही. टॅक्सीने खिशाला चाट लावून गावात उतरलो तर साडेबारा वाजलेले, जेवणाची वेळ. एका वाइनरीचं दार वाजवलं, आतून कुत्रं तेवढं भुंकलं. भाचा म्हणाला, "मामा, हे लोक घरचे आहेत, दुकानदार नाहीत." शेवटी किल्ल्यातलं वाइन म्युझियम पाहिलं आणि परतलो. तेव्हा पहिला सल्ला हाच: दोन-तीन आठवडे आधी ई-मेल करा, साध्या इंग्रजीत चालतं. किती माणसं, कोणती वेळ हे लिहा, आणि रविवार टाळा.

मंगळवारी बारोलोशेजारच्या ला मोर्रा गावाच्या उतारावर, वाइन करणाऱ्या एका घरी अकराची वेळ मिळाली. नाव देत नाही, त्यांच्या टेबलाभोवती आठच खुर्च्या आहेत. वडील, मुलगी आणि आजी असं तिघांचं बिऱ्हाड. सकाळी दरीत धुकं इतकं दाट की समोरची टेकडी गायब. या द्राक्षाचं नाव नेब्बिओलो, आणि ते 'नेब्बिया' म्हणजे धुक्यावरून पडलं असं तिथे सगळे सांगतात. तोडणी आटोपली होती, पानं पिवळी-तांबडी झालेली. मुलगी आम्हाला आधी बागेतच घेऊन गेली. माती निळसर राखाडी, चुन्याची, आणि बुटाला अशी चिकटते की चार पावलांत बूट किलोभर जड. चांगले बूट हॉटेलवरच ठेवा.

मी वेली बघत राहिलो. आमच्यासारखा मांडव नाही, इंग्रजी वायच्या आकाराचा आधार नाही. तारेवर आडवी बांधलेली एक काडी, आठ-दहा डोळे, बस. छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत वेल झोपलेली असताना. आमच्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून छाटण्या दोन, एप्रिलला काड्या तयार करायची खरड आणि ऑक्टोबरला गोडी. मी एकरी दहा टन म्हटल्यावर मुलीने दोनदा विचारून खात्री करून घेतली. बारोलोच्या नियमात हेक्टरी 8 टनांच्या वर माल घेता येत नाही, म्हणजे एकरी सव्वातीन. आमचा व्यापारी हसला असता. तिने मात्र एका वेलीवरचे किती घड उन्हाळ्यातच कापून खाली टाकले ते बोटांवर मोजून दाखवलं, आणि माझ्या पोटात उगाच कालवलं.

तळघरात मोठमोठे ओकचे पिंप, एकेकात अडीच-तीन हजार लिटर. लाकूड क्रोएशियातल्या स्लाव्होनियाचं. 1980 नंतर इथे घराघरात भांडणं झाली, तरुणांना छोटी फ्रेंच पिंपं हवी होती, जुन्यांना हीच मोठी. या घरात आजोबा जिंकले असावेत. कायद्याने बारोलो किमान 38 महिने मुरवावी लागते, त्यातले 18 लाकडात. त्यामुळे 2021 च्या सुगीची बाटली 2025 च्या जानेवारीत विकायला निघाली. रिझर्व्हा, म्हणजे जास्त मुरवलेली, असेल तर 62 महिने. एवढा काळ पैसे अडकवून बसायचे, आणि आमची द्राक्षं आठ दिवस उशिरा उचलली तर आमची झोप उडते!

चव घ्यायला आजी बसली. क्रम ठरलेला: आधी दोल्चेत्तो आणि बार्बेरा या इथल्याच दुसऱ्या द्राक्षांच्या लाल वाइन, मग तीन बारोलो. माणशी 25 युरो, सोबत चीज, ग्रिसिनी म्हणजे कुरकुरीत पावाच्या काड्या आणि हेझलनट. बारोलो ग्लासात पडल्यावर माझा विरसच झाला. इतका फिका लाल? कडेला तर विटकरी. दोल्चेत्तो याच्या दुप्पट गडद होती. आजी माझा चेहरा बघून हसली आणि हाताने 'थांब' म्हणाली. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवला. मग वास घेतला: आधी वाळलेला गुलाब, अगदी गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा, आणि त्याच्या मागून नव्या डांबरी रस्त्याचा. हिने हुंगून सांगितलं, "आमसूल." तेही खरं होतं. घोट घेतला तर हिरडा चघळल्यासारखी जीभ आणि हिरड्या आवळल्या. पहिल्या घोटाला हे आवडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. चीजचा तुकडा खाऊन दुसरा घोट घेतला तेव्हा तोच तुरटपणा मऊ झाला. ही वाइन नुसती पिऊन निकाल देऊ नका.

दुसरी बारोलो सेरालुंगा गावची, द्राक्ष तेच, टेकडी पलीकडची, पण अंग कितीतरी कडक. लेबलवर शेताचंच नाव असतं, आपण नाही का 'पांदीचं', 'वरलं वावर' म्हणत, तसं. तिसरी 2016 ची. तिच्याबद्दल लिहिण्यापेक्षा इतकंच सांगतो की घोट चाखून थुंकायचं भांडं समोर होतं आणि मी ते वापरलं नाही. सांजोव्हेजे हे इटालियन द्राक्ष आपल्या अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीने लावलंय. नेब्बिओलो निफाडला येईल का, असं मुलीला विचारलं. ती म्हणाली, "या दरीबाहेर गेलं की रुसतं."

गाडी भाड्याने घेणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आणि रक्तातली दारूची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम, परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. म्हणजे चालवणाऱ्याने थुंकायचंच. आम्ही ला मोर्राहून बारोलोपर्यंत वेलींमधून उतरत चालत आलो, दीड तास, चढ नको असेल तर याच दिशेने या. शाकाहारी मंडळींनी, अंडं चालत असेल तर, तायारिन हा शेवयांसारखा अंड्याचा पास्ता मागवावा, लोणी आणि सेज या सुगंधी पानांचा. आन्योलोत्ती या सारण भरलेल्या पास्त्याच्या पोटात मांस असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला आल्बात पांढऱ्या ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या अळंबीची जत्रा असते, तेव्हा मुक्कामाचे भाव चढतात. आम्ही म्हणूनच तोरिनोहून ये-जा केली.

भारतात माणशी 2 लिटर दारू ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे दोन बाटल्या. हँडबॅगेत चालत नाहीत. एक 42 युरोची बारोलो आणि एक साधी नेब्बिओलो अशा दोन बाटल्या हिच्या स्वेटरात गुंडाळून सुटकेसच्या मधोमध ठेवल्या. साधी दिवाळीत संपली. बारोलो आडवी ठेवायची, थंड जागी. निफाडच्या उन्हाळ्यात थंड जागा घरात एकच, फ्रिजचा खालचा कप्पा. भाचा दर फोनला विचारतो, "उघडली का मामा?" हिने 2030 च्या आत उघडायची नाही म्हणून बजावलंय, आणि मेथी ठेवायला जागा उरली नाही म्हणून रोज कुरकुरही करते.