कॉलेजच्या वेबसाइट तपासायच्या म्हणजे नेमकं काय बघायचं: माझा अनुभव

एमसीएच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट काय घ्यायचा हे आमच्या वर्गात बहुतेकांचं ठरलेलं होतं, कोणी चॅटबॉट करणार, कोणी चेहरा ओळखून हजेरी लावणारं सॉफ्टवेअर, आणि मी घेतला नाशिक आणि आसपासच्या कॉलेजच्या वेबसाइट तपासायचा विषय. गाइड सरांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं की यात कोडिंग कुठे आहे. कोडिंग कमीच होतं, पण मला हा विषय मनापासून करायचा होता. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की निफाड, दिंडोरी, पेठकडून नातेवाइकांचे फोन सुरू होतात, अमुक कॉलेजची फी किती, हॉस्टेल आहे का, कागदपत्रं काय लागतात, आणि ही सगळी माहिती त्या कॉलेजच्या वेबसाइटवर असायलाच हवी ना? तरी लोक नाशिकला येऊन, कॉलेज रोड, गंगापूर रोडला रिक्षा करून, दिवस मोडून चौकशी करतात. असं का होतं ते मला बघायचं होतं.

सुरुवात सगळे करतात तशीच केली, टूल लावले. क्रोममध्ये लाइटहाउस असतं, ते पान किती वेगात उघडतं, ॲक्सेसिबिलिटी (म्हणजे दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता येतं का) कशी आहे वगैरेचे शंभरपैकी मार्क देतं. वेव्ह नावाचं वेबएम या संस्थेचं फुकट टूल आहे, त्यात कुठल्या फोटोला वर्णन नाही, कुठे अक्षराचा रंग फिका आहे ते पानावरच खुणा करून दिसतं. अक्षर आणि मागचा रंग यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा असा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा, नियम आहे, साध्या आकाराच्या मजकुरासाठी, आणि आपल्याकडे पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरात "ॲडमिशन ओपन" लिहायची फार हौस. वर सरकणारी पट्टी तर जवळजवळ सगळीकडे. आपोआप पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ हलणारं काही असेल तर ते थांबवायची सोय पाहिजे हाही त्याच नियमावलीतला मुद्दा आहे, आणि नेमकी महत्त्वाची तारीख त्या पट्टीत पळत असते, वाचून होईपर्यंत गेलेली असते, मग पुन्हा येईपर्यंत थांबा.

वेगाचं म्हणाल तर पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे. नाशिक शहरात वायफायवर बऱ्याच साइट त्यात बसल्या, पण नेटवर्क मुद्दाम कमी करून बघितलं तर पहिल्या पानावरचे स्लायडरचे फोटो येता येईनात, कारण गॅदरिंगचे फोटो कॅमेऱ्यातून काढले तसेच्या तसे चढवलेले, एकेक कित्येक एमबीचा. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरून उघडणाऱ्या पोराचा अर्धा डेटा त्यातच जाणार.

हे सगळं मी एक्सेलमध्ये भरलं, रंग दिले, चार्ट काढले, छान दिसत होतं. पण एका साइटला ॲक्सेसिबिलिटीला जवळजवळ पूर्ण मार्क, हिरवा गोल, आणि त्याच साइटवर मला स्वतःला पहिल्या वर्षाची फी सापडत नव्हती. टूलला काय कळतं, फोटोला वर्णन लिहिलंय का एवढंच, ते वर्णन "आयएमजी ००२३" असलं तरी त्याच्या लेखी ते आहे. माहिती तीन वर्षं जुनी आहे हे त्याला कळत नाही. सरांना हे दाखवलं तर ते म्हणाले, मग माणसं बसव समोर. तिथून प्रोजेक्ट खरा सुरू झाला असं मी म्हणेन.

जेकब निल्सन या क्षेत्रातलं मोठं नाव, त्यांचं म्हणणं की पाच माणसं बसवली तरी बहुतेक अडचणी दिसून येतात. पण ती पाच एका प्रकारची. पालक वेगळे, बारावीची मुलं वेगळी, माजी विद्यार्थी वेगळे, प्रत्येकाचं काम निराळं. म्हणून मी प्रत्येक गटासाठी वेगळे प्रश्न काढले आणि ते साध्या मराठीत लिहिले, "होमपेजचं नेव्हिगेशन कसं वाटलं" असलं काही नाही. कॉम्प्युटरला पहिल्या वर्षाची फी किती. मुलींचं हॉस्टेल आहे का, मेससकट किती. कॅप राउंडचा (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म भरायला या कॉलेजचा चॉईस कोड कोणता. सीबीएसवरून (नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून) कॉलेजला कसं यायचं. ऑफिसचा चालू नंबर कोणता. आणि माझ्यासाठी नियम एकच, शेजारी बसायचं आणि गप्प राहायचं. हा नियम फार अवघड आहे हो, समोरचा माणूस चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतोय हे दिसत असतं आणि जीभ शिवशिवते.

निफाडचे माझे मामा, द्राक्षबाग आहे, मोबाइल रोज वापरतात, बाजारभाव बघतात, यूट्यूबवर फवारणीचे व्हिडिओ बघतात, म्हणजे मोबाइलला घाबरणारा माणूस नाही. मुलीला इंजिनिअरिंगला घालायचंय म्हणून स्वतःहून बसले. साइट उघडली आणि लगेच ॲडमिशनची मोठी जाहिरात पूर्ण स्क्रीनवर आली. मामांच्या फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलेली, चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून, त्यामुळे ती जाहिरात बंद करायची फुली स्क्रीनच्या बाहेर गेलेली. "अगं, हे फोटोतलं पोरगं मधोमध येऊन बसलंय, खालचं काही दिसंना." फोन आडवा केला, उभा केला, शेवटी मागे जाऊन परत उघडलं तेव्हा कशीबशी फुली सापडली. मग मेनू. कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांना हात लावायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत असायचं कारणही नाही, तिथे "मेनू" असं लिहिलं असतं तर प्रश्नच मिटला असता. ते खाली खाली सरकत गेले, अध्यक्षांचा संदेश, प्राचार्यांचा संदेश, व्हिजन, मिशन, पुरस्कार घेतानाचे फोटो. मग एक मोठं लाल बटन दिसलं, "इन्क्वायरी नाऊ", ते दाबलं, नाव-नंबर टाकला, फी काही आली नाही पण दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले आणि ते सुद्धा भलत्याच कोर्ससाठी.

फी होती. साइटवरच होती. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीईच्या नियमाने "मॅन्डेटरी डिस्क्लोजर" नावाचं कागदपत्र प्रत्येक मान्यताप्राप्त कॉलेजला वेबसाइटवर ठेवावं लागतं आणि त्यात फी असते, पण ती मेनूच्या आत, त्याच्या आत, इंग्रजी लांबलचक पीडीएफमध्ये, आणि ते पान स्कॅन करताना आडवं आलेलं. मामांनी मान वाकडी करून वाचलं तरी वर्ष कोणतं तेच कळेना. नियम पाळला गेला, तपासणीला येणाऱ्यांना कागद दाखवता येतो, पण ज्याला पैसे भरायचेत त्याच्या हाताला काहीच लागलं नाही.

यात एक गोष्ट मला फार लागली. मामांची मुलगी ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने अशा मुलींना, तसंच ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींनाही, कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, मॅनेजमेंट कोट्याला मात्र नाही. त्या साइटवर याबद्दल एक ओळ नव्हती. मामा फीचा मोठा आकडा बघून म्हणाले, "मग बीएस्सीलाच घालू तिला." म्हणजे एका पानावर एक वाक्य नाही म्हणून एखाद्या मुलीचा कोर्स बदलू शकतो. टेस्ट संपल्यावर मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजची मंजूर फी बघता येते तेही दाखवलं. पण ज्यांच्या घरात एमसीए करणारी भाची नाही त्यांनी काय करायचं?

टेस्टनंतर सगळ्यांकडून एसयूएस (सिस्टिम युझेबिलिटी स्केल), म्हणजे साइट वापरायला किती सोपी वाटली ते मोजायचा फॉर्म, भरून घेतला. ही जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा वाक्यांची प्रश्नावली, एक वाक्य चांगलं, एक वाईट असं आलटून पालटून, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि हिशोब करून शंभरपैकी आकडा येतो, साधारण ६८ ला सरासरी धरतात. मी ती मराठीत केली आणि आकडे आले ते बघून थक्क झाले. ज्यांना एकाही प्रश्नाचं उत्तर सापडलं नव्हतं त्यांनी सुद्धा भरभरून गुण दिले! विचारलं तर उत्तर एकच, साइट चांगली आहे हो, मलाच जमत नाही. मामा म्हणाले, आपण अडाणी, कॉलेजवाल्यांनी बरोबरच केलं असेल. एक ताई, ज्या स्वतः अंगणवाडीत काम करतात आणि मोबाइलवर रोज नोंदी भरतात, त्याही म्हणाल्या की मला इंग्रजी येत नाही ना म्हणून. मला हे ऐकून फार वाईट वाटलं. साइट बनवणाऱ्याची चूक, आणि ती वापरणारा स्वतःच्या माथी घेतो. म्हणून रिपोर्टमध्ये मी एसयूएसचा आकडा मागे टाकला आणि उत्तर सापडलं की नाही हे पुढे ठेवलं, सरांशी यावर वाद झाला पण शेवटी त्यांनी मान्य केलं.

दृष्टिहीन असलेला एक बीएचा मुलगा टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी फोनमधली सोय) लावून मोबाइल वापरतो, इतक्या वेगात की आपल्याला ऐकून काही कळत नाही. त्याला त्याच्याच कॉलेजचं परीक्षेचं वेळापत्रक शोधायला सांगितलं. फोन बोलत होता, लिंक, क्लिक हिअर, लिंक, क्लिक हिअर, लिंक, क्लिक हिअर. सगळ्या नोटिसांच्या लिंकना तेच नाव. अंदाजाने एक उघडली तर आत सही-शिक्का मारलेल्या कागदाचा फोटो, आणि फोन गप्प. तो म्हणाला, ताई, मी साइट बघतच नाही, मित्राला फोन करतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती मिळण्याजोगी असायला हवी हे आहे, आणि ते वेळापत्रक आधी कॉम्प्युटरवर टाइप केलेलंच असतं की, मग प्रिंट काढून, शिक्का मारून, परत फोटो काढून का चढवायचं? टाइप केलेली फाइलही सोबत ठेवा, एवढंच मागणं आहे. फक्त ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, पाहिजे, कारण काही ऑफिसात अजून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात आणि ते ना शोधता येतं ना फोनला वाचता येतं.

माजी विद्यार्थ्यांचं थोडक्यात सांगते. सातपूरला कंपनीत असलेल्या एका दादाला ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा दाखला) हवी होती, साइटवर दिलेल्या ईमेलवर पाठवलेला मेल परत आला, लँडलाइन बंद. "हाऊ टू रीच" पानावर मात्र ओझर विमानतळ किती किलोमीटर ते लिहिलेलं. सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, कुठली बस जाते ते नाही.

मग मी काही कॉलेजच्या ऑफिसात जाऊन बसले, कारण नुसत्या चुका काढून उपयोग नव्हता. तिथे कळलं की वेबसाइट हे कोणाचंच काम नाही. बनवली एजन्सीने, एक ओळ बदलायची तर त्यांना मेल करायचा, ते करतील तेव्हा करतील. आतल्या मॅडमकडे ॲडमिशन, स्कॉलरशिप, महाडीबीटी (स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल), सगळं असतं, त्यात वेबसाइट ही जादाची. आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटल्यावर साइटवर भराभर कागद चढतात, एक्यूएआर (वार्षिक गुणवत्ता अहवाल), कमिट्यांच्या मीटिंगचे इतिवृत्त, एनआयआरएफ या सरकारी रँकिंगचा डेटा. ते कागद हवेतच, त्यांनी पारदर्शकता येते, यूजीसीनेही २०२४ मध्ये संस्थांनी स्वतःहून कोणती माहिती जाहीर करावी याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. पण त्या ढिगात फी, हॉस्टेल आणि फोन नंबर बुडून जातात. त्या मॅडम मला म्हणाल्या, "रोज शंभर फोन येतात, सगळे फीच विचारतात." मी त्यांना म्हटलं, मॅडम, फीचा तक्ता पहिल्या पानावर मराठीत टाकला तर हे फोन कमी होतील. त्या लगेच तयार झाल्या, प्राचार्यांकडून परवानगी घेतली, आणि एजन्सीकडून तक्ता लागला सुद्धा. कोर्स, वर्ष, प्रवर्गानुसार भरायची रक्कम, मुलींच्या सवलतीची ओळ, खाली ज्यांच्याशी बोलायचं त्यांचा नंबर आणि वेळ. कुठल्या वर्षाची माहिती ते वर ठळक. पुन्हा एका पालकांना बसवलं तर जाहिरात बंद करून तक्त्यापर्यंत ते सहज पोचले. जाहिरात अजून आहे, ती काढायला मॅनेजमेंट तयार नाही, पण फुली मोठी करून घेतली.

बाकी कॉलेजांना रिपोर्ट पाठवला, काहींनी उत्तर दिलं, काहींनी नाही. यंदा आमच्या ज्युनिअर मुली हाच विषय पुढे घेतायत, त्यांना मी सांगितलंय की टेस्ट घेताना आपला फोन कोणाच्या हातात द्यायचा नाही, ज्याचा त्याचा फोनच वापरायचा, मोठी केलेली अक्षरं, भरलेली मेमरी, तडकलेली काच, आहे तसा. आणि साइटवरचा प्रत्येक नंबर एकदा स्वतः लावून बघायचा, ऑफिसच्या वेळेत.