722 आणि 531

टूर मॅनेजर म्हणून मी बारा वर्षं इटलीला ग्रुप नेतेय. व्हेरोनाहून मिलानकडे निघालं की माइक हातात घ्यायचा आणि मिले मिलिया या जुन्या मोटारशर्यतीची गोष्ट सांगायची, हे माझं ठरलेलं. ब्रेशियाहून रोमला जाऊन परत ब्रेशियाला यायचं. हजार मैल, म्हणजे साधारण 1,600 किलोमीटर, आणि तेही गावागावांतून जाणाऱ्या रोजच्या रस्त्यांवरून. 1927 मधली पहिली शर्यत जिंकणाऱ्या ओएम गाडीला 21 तास लागले होते. 1955 मध्ये इंग्रज ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस 10 तास 7 मिनिटं 48 सेकंदांत परत आला. म्हणजे सरासरी वेग ताशी 157 किलोमीटर!

गाडीवरचा नंबर म्हणजे तिची सुटायची वेळ. मॉसची मर्सिडीज सकाळी 7:22 ला सुटली, म्हणून तिचा नंबर 722. शेजारी बसलेल्या जेंकिन्सनने रस्त्यातली वळणं आधीच कागदाच्या पाच मीटर लांब गुंडाळीवर लिहून ठेवली होती. इंजिनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून तो हाताच्या खुणा करून वळण सांगायचा. हे सांगताना मी स्वतःच हात हलवून दाखवते आणि बसमधली मुलं माझी नक्कल करतात.

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही देसेन्झानोजवळ अडकलो, कारण समोरून त्याच गाड्या चालल्या होत्या. 1977 पासून मिले मिलिया पुन्हा भरते, पण आता ती वेगाची शर्यत नसते. ठरावीक टप्पा ठरावीक वेळेत, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक गाठायचा असतो. 1927 ते 1957 या काळात ज्या मॉडेलच्या गाड्या धावल्या, त्यांनाच प्रवेश मिळतो. बॉनेटवर लाल बाण, डोक्यावर चामडी टोप्या आणि हवेत जळक्या तेलाचा वास. आमची अख्खी बस खाली उतरून फोटो काढत होती.

एसटीतून निवृत्त झालेले काका तेवढे मागे उभे होते. सातारा डेपोला त्यांची हयात गेली. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला. मुलीने हट्टाने टूरला पाठवलं होतं. रोज संध्याकाळी हॉटेलवर पोचलं की ते बसभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक टायरवर बुटाची टाच आपटून कान देत. सवय, दुसरं काय! भरलेला टायर टणक वाजतो, हवा कमी असली की आवाज बसतो. आमच्या इटालियन ड्रायव्हरला आधी त्याचा राग यायचा.

काका माझ्याजवळ आले. "ताई, एवढ्या जोरात गाड्या जायच्या म्हणता, मग माणसं कुठं उभी राहायची?"

"रस्त्याच्या कडेला, काका."

"आणि कठडा?"

"नसायचा."

"मग कुणाला लागलं कसं नाही?"

लागलं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. बारा वर्षं मी तो भाग गाळत आले होते. लोक सुट्टीला आलेले असतात, त्यांना कशाला वाईट वाटायला लावायचं, असं मला वाटायचं. 1957 च्या शर्यतीतलं मी फक्त रोमचं चुंबन सांगायचे. स्पेनच्या सरदार घराण्यातला अल्फोन्सो दे पोर्तागो फेरारीत बसलेला आणि अभिनेत्री लिंडा ख्रिश्चन वाकून त्याचं चुंबन घेतेय, असा तो फोटो प्रसिद्धच आहे. त्यापुढचं मी कधी सांगितलं नव्हतं. काकांना तिथे उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

ऐकून ते एवढंच म्हणाले, "लांब आहे का ते गाव?"

गुइदित्सोलो तिथून जेमतेम वीसेक किलोमीटर. मी बसमध्ये विचारलं. दोघा-तिघांनी खरेदीचा वेळ जाईल म्हणून कुरकुर केली, बाकीचे हो म्हणाले. ड्रायव्हरचा 45 मिनिटांचा सक्तीचा ब्रेक तसाही घ्यायचाच होता.

गोइतोकडून गुइदित्सोलोकडे येणारा तो रस्ता सरळसोट आहे. दोन्ही बाजूंना शेतं. अपघाताच्या स्मारकाच्या थोडं पुढे जागा बघून बस उभी केली. आम्ही सहा-सात जण मागे चालत आलो. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते.

12 मे 1957. पोर्तागोच्या फेरारीचा नंबर 531. ब्रेशिया जवळ आलेलं, वेग ताशी अडीचशेच्या आसपास, आणि टायर फुटला. गाडी गर्दीत घुसली. पोर्तागो आणि त्याचा सहकारी एडमंड नेल्सन गेले. कडेला उभे असलेले नऊ जण गेले, त्यातली पाच लहान मुलं. असं पहिल्यांदाच घडत नव्हतं. 1938 मध्ये बोलोन्यात एक लॅन्शिया लोकांत घुसून दहा माणसं मेली होती, त्यात सात मुलं होती. त्या वेळी शर्यत बंद केली आणि काही वर्षांनी पुन्हा सुरू केली. 1957 नंतर मात्र ती वेगाची शर्यत म्हणून कायमची थांबली. फेरारी गाड्या बनवणाऱ्या एन्झो फेरारीवर टायरच्या निवडीवरून खटला चालला आणि 1961 मध्ये तो निर्दोष सुटला.

काका खाली वाकले. डांबराची कड हाताने चाचपली, मग तिथून गवतापर्यंत पावलं टाकली. एक, दोन, तीन. परत रस्त्याकडे वळून म्हणाले, "दोन एसट्या समोरासमोर आल्या तर साइड देताना जपावं लागंल, एवढाच रस्ता. सत्तावनला मी सात वर्षांचा होतो. गावात दिवसाला एकच गाडी यायची. ती बघायला आम्ही सगळी पोरं अशीच कडेला उभी असायचो. ड्रायव्हर हॉर्न द्यायचा आणि आम्ही हात करायचो." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पुढं मी गाडीवर बसलो तेव्हा पोरं दिसली की आधी ब्रेकवर पाय जायचा, मग हॉर्न."

कुणीच काही बोललं नाही. पुण्याच्या एक काकू हात जोडून उभ्या होत्या. मला माझ्या माइकवरच्या सगळ्या हातवाऱ्यांची लाज वाटली, आणि ते अजूनही आठवतं.

बसमध्ये परत आल्यावर ड्रायव्हरने खुणेनेच विचारलं, काय झालं? मी त्याला इटालियनमध्ये सांगितलं की काका चाळीस वर्षं बस चालवायचे. तो काही बोलला नाही. मिलानला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. सामान उतरवून घेता घेता मी पाहिलं. काका नेहमीप्रमाणे बसभोवती फिरत होते आणि ड्रायव्हर हातात टॉर्च धरून त्यांना एकेका टायरवर उजेड दाखवत होता.