खिमट किती घट्ट असावं?

वरचं अन्न १८० दिवस पूर्ण झाले की सुरू करायचं, हे आता दवाखान्यात आणि अंगणवाडीत सगळीकडे सांगतात. त्याआधी अंगावरचं दूध पुरतं, वेगळं पाणीसुद्धा लागत नाही. काही घरांत मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करतात. तसं असेल तर खिरीचं बोट ओठाला लावून विधी करावा आणि जेवण सहा महिने भरल्यावरच सुरू करावं, असं मी ठरवलं होतं. मध मात्र वर्षाच्या आत बोटभरही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंनी बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. तारखेबरोबर बाळाकडेही बघायचं: मान नीट धरतं का, टेकून बसवलं तर बसतं का, घास जिभेनं बाहेर ढकलणं कमी झालंय का.

खिमट म्हणजे भाजलेल्या तांदूळ-डाळीचं रवाळ पीठ आणि ते शिजवून केलेली बाळाची मऊ पेज. त्याचं माझं प्रमाण २ वाट्या तांदूळ, १ वाटी बिनसालाची मूगडाळ आणि अर्धा चमचा जिरं. तांदूळ-डाळ धुऊन सुती कापडावर पंख्याखाली खडखडीत वाळवायची. मंद आचेवर दोन्ही वेगवेगळं भाजायचं, कारण एकत्र भाजलं तर तांदूळ होईपर्यंत डाळ करपते. मिक्सरवर रवाळ दळून हवाबंद डब्यात ठेवायचं. एका वेळी पंधरा दिवसांचंच करावं, पावसाळ्यात आठवड्याचं. कुबट वास आला तर सगळं टाकून द्यायचं. शिजवताना २ पोह्याचे चमचे खिमट १ वाटी गार पाण्यात आधी कालवून मग गॅसवर ठेवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. ढवळत ८-१० मिनिटं शिजलं की उतरवून अर्धा चमचा तूप घालायचं. मीठ, साखर, गूळ यातलं काही वर्षभर घातलं नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते पातळपणात. चमचा तिरका केला की खिमट त्याला धरून राहिलं पाहिजे, हळूच घसरलं तर ठीक, पाण्यासारखं ओघळलं तर पातळ. वरणाचं वरचं पाणी किंवा भाताची निवळ पेज पचायला हलकी म्हणून प्रेमानं भरवतात, पण डाळ आणि शितं तर भांड्याच्या तळाशीच राहतात. ७ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २०० मिलिलिटर मावतं. ते पाण्यानं भरलं की अन्नही गेलं नाही आणि पुढचं दूधही कमी प्यायलं जातं. मग वजन अडतं.

कामावर जाणाऱ्या आईच्या घरी एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. काढून ठेवलेलं दूध घट्ट खिमटात कालवून वाटी झाकून ठेवली, तर थोड्या वेळानं ते पळीवाढं होतं. खिमट नासलेलं नसतं. आईच्या दुधात पिष्ट (स्टार्च) फोडणारं विकर (एन्झाइम) असतं, ते वाटीतच कामाला लागतं. लाळेतही तेच असतं, म्हणून उष्ट्या चमच्यानं ढवळलेली वाटी पातळ होते. दूध अगदी भरवतानाच घालावं. वाटीतलं उरलेलं उष्टं पुन्हा गरम करून देऊ नये.

याच गुणाचा उपयोगही करता येतो. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून अगदी हलकी भाजायची आणि दळून बारीक चाळायची. मोडांतही हे विकर तयार होतं, जास्त भाजलं तर मरतं. चांगलं घट्ट खिमट शिजवून उतरवायचं, थोडं निवलं की या पिठाचा अर्धा चमचा घालून ढवळायचं. दोन-तीन मिनिटांत ते सैल होतं, मग पुन्हा एक उकळी काढायची. पाणी न वाढवता गिळायला सोपं होतं. नाचणीचं गाळून केलेलं सत्त्व मऊ लागतं खरं, पण चोथ्याबरोबर बरंच लोह आणि कॅल्शियम निघून जातं. म्हणून मला सत्त्वापेक्षा मोडाचं पीठ बरं वाटतं.

दूध कमी करायचं नसतं. सहा ते आठ महिन्यांत वरच्या अन्नातून दिवसाला २०० कॅलरीच्या आसपास लागतात, बाकी भार दुधावरच. नवव्या महिन्यापासून तो आकडा ३०० होतो. पहिल्या दिवशी सकाळी एक-दोन चमचे पुरे. कडकडून भूक लागलेलं बाळ चमच्याला रडतं, म्हणून आधी थोडं दूध पाजून मग भरवायचं. दोन आठवड्यांत दिवसाला दोन वेळांवर यायचं, दर वेळी दोन-तीन पोह्याचे चमचे. आठवा महिना संपेपर्यंत दोन-तीन वेळा, प्रत्येकी सव्वाशे मिलिलिटर. रात्रीचं अंगावरचं पाजणं चालूच. जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट, वाटी-चमच्यानं. आडवं धरून बोंडल्यानं ओतणं टाळावं, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं.

लोहाकडे माझं लक्ष सगळ्यात जास्त असतं, कारण जन्मतः मिळालेला साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि दुधात लोह थोडंच असतं. वरणात लिंबाचे चार थेंब पिळले की डाळीतलं लोह जास्त अंगी लागतं. खात असाल तर पूर्ण उकडलेलं अंडं, काटे नीट काढलेला मासा, मऊ शिजवून वाटलेली कलेजी याच महिन्यांत सुरू करता येते. सरकारी कार्यक्रमातलं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर असतं. त्यानं शी काळी होते, घाबरायचं कारण नाही. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र पूर्ण बंद, चहा लोह शोषू देत नाही.

नवा पदार्थ एका वेळी एकच, तीन दिवस, आणि सकाळी, म्हणजे अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर दिवसाउजेडी दिसतं. अंडं आणि शेंगदाणा उशिरा देण्यात फायदा नाही. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. शेंगदाण्याचं अगदी बारीक कूट खिमटात पूर्ण मिसळून द्यायचं. अख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष, कच्चं गाजर अजिबात नाही. घास पुढे गेला की बाळ ओकारी काढतं, लाल होतं, आवाज करतं, ते सांभाळून घेतं. आवाजच बंद झाला आणि ओठ निळे पडू लागले तर घास अडकलाय: पालथं धरून, डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापट्या, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब, आळीपाळीनं. एकानं त्याच वेळी मदतीला फोन करायचा.

शी घट्ट झाली तर केळं दोन दिवस थांबवून पिकलेली पपई किंवा शिजवलेलं पेअर द्यावं. एखादी चव थुंकली तर दोन दिवसांनी पुन्हा एक चमचा, असं आठ-दहा वेळाही लागतं. आठव्या महिन्यापासून मिक्सर हळूहळू सोडायचा. वरण-भात बोटांनी कुस्करून, थोडी शितं राहू देऊन भरवायचा. दहा महिन्यांपर्यंत सगळं वाटूनच दिलं तर पुढे बाळ गुठळी लागली की तोंड फिरवतं.